नाव लिहू नये

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी चार वाजता पंचवीस-तीस पोरं जमायची आणि पुस्तकांविषयी बोलण्याच्या नावाखाली एकमेकांच्या खोड्या काढायची. या जमावाला ‘तरुण वाचक मंडळ’ असं भारदस्त नाव होतं. ते ग्रंथपालबाईंनी ठेवलं होतं. पोरांनी बाईंचं नाव शूबाई ठेवलं होतं, कारण त्या दर दोन मिनिटांनी ओठांवर बोट ठेवून ‘शूऽऽ’ करायच्या. फिट्टंफाट झाली.

मंडळाची एक पद्धत होती. पुस्तक वाचून झालं की एक पिवळी चिठ्ठी भरायची आणि दाराजवळच्या पेटीत टाकायची. चिठ्ठीवर तीन प्रश्न छापलेले असत. पुस्तक कशाविषयी आहे ते शेवट न सांगता लिहा. काय आवडलं ते लिहा. आणि तिसरा, हे पुस्तक तुम्ही कोणाला द्याल? त्याच्याखाली बारीक अक्षरात सूचना होती: नाव लिहू नये. देणाऱ्याचंही नाही आणि घेणाऱ्याचंही नाही.

ही सूचना मागाहून आली होती. आधी पोरं सरळ नावं लिहीत, आणि एकदा एका गुबगुबीत मुलाला कुणीतरी व्यायामाचं पुस्तक द्यावं असं लिहिलं. त्याची आई वाचनालयात येऊन अशी काही बोलली की शूबाईंना स्वतःलाच कुणीतरी ‘शूऽऽ’ म्हणावं असं वाटलं. तेव्हापासून नावं बंद. पण पोरांना एक दार बंद केलं की ती खिडकी शोधतात. ती माणसाचं वर्णन करू लागली. ‘गणिताचा तास आला की ज्याला तहान लागते, त्याला हे पुस्तक द्यावं.’ शूबाई दर शनिवारी त्यातली सगळ्यात चांगली चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या, आणि तिसऱ्या उत्तराला अख्खी खोली ‘ओळखा पाहू’ खेळायची. ओळखलं की टाळ्या, मग लिहिणाऱ्याने उभं राहायचं, आणखी टाळ्या. चिठ्ठी आठवडाभर फळ्यावर. शूबाईंना वाटायचं, पोरं वाचनात किती रमली आहेत!

धाकटी या मंडळात अकरा महिने होती आणि अकरा महिन्यांत तिची एकही चिठ्ठी वाचली गेली नव्हती. ती चौदा वर्षांची होती. तिला मंडळात घेतलं तेच मुळी ‘ताईची धाकटी’ म्हणून, आणि तिथेही तिचं नाव धाकटीच पडलं. ती बापडी प्रामाणिकपणे लिहायची, ‘ज्यांना चांगली पुस्तकं आवडतात त्यांना हे द्यावं.’ असलं वाक्य कोण मोठ्याने वाचणार?

ताई सतरा वर्षांची. ताईला एक मैत्रीण होती, तिला सगळे काडी म्हणत, कारण ती होतीच तशी. दोघी बालवाडीपासूनच्या, मंडळातही बरोबरच. संध्याकाळी घराच्या गॅलरीत दोघी कठड्याच्या गजांमधून पाय बाहेर सोडून बसायच्या आणि कुजबुजायच्या. धाकटी तिथे गेली की कुजबुज थांबायची. “जा गं, आईने हाक मारली बघ,” असं ताई म्हणायची. आई टेलरच्या दुकानात काज-बटणं करायला गेलेली असायची. ती तिथून कशी हाक मारणार? पण धाकटी जायची, आणि आतल्या खोलीत खिडकीखाली भूगोलाचं पुस्तक उघडून बसायची. त्या खिडकीतून गॅलरीतलं अक्षरन् अक्षर ऐकू येतं, हे त्या दोघींना माहीत नव्हतं. धाकटीचा भूगोल त्या वर्षी फार कच्चा राहिला.

मंडळात तेव्हा एकाच कादंबरीची हवा होती. कव्हरवर निळी छत्री होती म्हणून तिला सगळे ‘छत्रीवाली’ म्हणत. एक मुलगा, एक मुलगी, शिकवणीच्या इमारतीचा जिना. दोघं आठ महिने एकमेकांशी बोलत नाहीत. दोनशे बारा पानांत एकदाच हात हातात येतो, तो एकशे सत्याऐंशीव्या पानावर, आणि वाचनालयाच्या चारही प्रतींमधलं ते पान शिवणीतून सुटलं होतं. मोठी मुलं ‘काय रडकं पुस्तक आहे’ असं म्हणत दुसऱ्यांदा नेत होती.

धाकटीने ते दोन दिवसांत वाचलं आणि तिला राहवेना. हे सगळ्यांनी वाचलंच पाहिजे असं तिला खरोखर वाटलं, अगदी मनापासून. तिने पिवळी चिठ्ठी घेतली. पहिली दोन उत्तरं भराभर झाली. तिसऱ्यापाशी ती अडली, आणि मग जे इतके दिवस कानांतून आत गेलं होतं ते हातातून बाहेर आलं:

‘हे पुस्तक मी अशा मुलीला देईन, जी एका मुलाने परत केलेली पुस्तकं लगेच घरी नेते. ती त्यातली गोष्ट वाचत नाही. वाचताना त्याची बोटं कुठे थांबली असतील, ते शोधते. भिजून फुगलेलं पुस्तकही तिने तीन आठवडे उशाशी ठेवलं. ते वाळावं म्हणून नाही.’

लिहून झाल्यावर तिने ते चार वेळा वाचलं. आपण असं लिहू शकतो, याचंच तिला नवल वाटलं. कुणाला कळणार आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. नाव कुठे लिहिलंय? पण मनाच्या एका कोपऱ्यात तिला नक्की माहीत होतं की कळेल, आणि कळलं नाही तर टाळ्या कशा पडतील? हा कोपरा तिने नंतर कितीही झाडला तरी साफ झाला नाही. चिठ्ठी तिने पेटीत टाकली.

शनिवारी शूबाईंनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, “आजची चिठ्ठी म्हणजे अगदी साहित्य आहे हं.” मग त्यांनी ती वाचली. सावकाश, ठेक्यात, जिथे थांबायचं तिथे थांबत. खोली कधी नव्हे ती चिडीचूप झाली होती.

“भिजून फुगलेलं!” मागून कुणीतरी ओरडलं. “कासवांचं पुस्तक! बेडकाने बुडवलं होतं ते!”

बेडूक म्हणजे मंडळातला एक पोहणारा मुलगा. तो दर शनिवारी तरणतलावावरून ओल्या केसांनी यायचा आणि त्याने खरंच एकदा कासवांवरचं जाडजूड पुस्तक पाण्यात पाडलं होतं. शूबाईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, त्यामुळे ते कुणी विसरणं शक्य नव्हतं.

“मग नंतर ते नेलं कोणी होतं?”

प्रश्न विचारायचा अवकाश, दहा माना ताईकडे वळल्या. कॉमर्सच्या मुलीला कासवांशी काय करायचं होतं, हे कोडं तेव्हा पुष्कळांना पडलं होतं. ते आत्ता सुटलं. कुणीतरी शीळ घातली. बेडूक मान खाली घालून स्वतःच्या बोटांकडे बघत बसला, आणि त्याने बोटांकडे बघितलं म्हणून पोरं आणखीच फिदीफिदी हसली. बिचाऱ्याने दुसरीकडे कुठे बघायचं होतं?

ताई उठली. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. ती बाकांमधून वाट काढत दाराशी गेली, तिची चप्पल पायातून निसटली, ती तिने हातात घेतली आणि तशीच जिना उतरून गेली.

“शूऽऽ! शूऽऽ!” शूबाई म्हणत राहिल्या. त्यांना अजून काय झालं ते समजलं नव्हतं. “कोणी लिहिलंय हे? उभं राहा बघू.”

धाकटी उभी राहिली नाही. अकरा महिने ती या क्षणाची वाट बघत होती, आणि क्षण आला तेव्हा तिने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. काडी मात्र उठली, शूबाईंच्या टेबलाशी गेली, चिठ्ठी मागून घेतली, वाचली आणि घडी करून खिशात टाकली. काडीने धाकटीला दोन वर्षं निबंध शिकवले होते. तिचं अक्षर काडीने झोपेतसुद्धा ओळखलं असतं.

ताई खाली फाटकाशी उभी होती. काडी पुढे, तिच्या दहा पावलं मागे धाकटी.

“ते वाक्य मी फक्त तुला सांगितलं होतं,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “बोटं कुठे थांबली असतील ते. जगात फक्त तुला. बोल ना. तू लिहिलंस ना?”

काडीने ताईच्या खांद्यावरून मागे बघितलं. धाकटीकडे. ती नजर दोन सेकंद असेल, पण धाकटीला त्यात बोलायला भरपूर वेळ होता. ती मूग गिळून उभी राहिली.

“सॉरी,” काडी म्हणाली.

बस, एवढंच. ताई वळली आणि चालू लागली, आणि बालवाडीपासूनची मैत्री त्या फाटकाशी संपली.

आता धाकटीला वाटत होतं की आभाळ कोसळेल. ते कोसळलं नाही. उलट झालं ते भलतंच. ताईने वाचनालय सोडलं, गॅलरीत बसणं सोडलं, आणि संध्याकाळी ती आतल्या खोलीत येऊन धाकटीच्या पलंगावर बसू लागली. पहिल्यांदा नुसती बसायची. मग बोलायला लागली. कॉलेजात आज कोण काय म्हणालं, कोणती बाई कशी चालते, स्वतःला किती मूर्ख वाटतं. एकदा तिने धाकटीची वेणी घालून दिली आणि म्हणाली, “घरात एवढं माणूस असताना मी बाहेर कशाला बोलत बसले गं इतकी वर्षं?”

धाकटीला हेच हवं होतं. लहानपणापासून हेच हवं होतं. आणि आता मिळालं तर ते घशाखाली उतरेना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी ती काडीच्या जागेवर जाऊन बसली होती, आणि बीळ ऊबदार होतं, हे तर आणखीच वाईट. ताई हसली की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटायची. आई जेवताना म्हणाली, “काडी बऱ्याच दिवसांत आली नाही,” तेव्हा ताई म्हणाली, “तिला वेळ नसेल,” आणि धाकटीला ठसका लागला. आईने पाठ थोपटून पाणी दिलं. बाबा बसडेपोत मेकॅनिक, त्यांना इंजिनाचा बिघडलेला आवाज दुरून कळायचा, पण घरातला कळत नसे. ते म्हणाले, “सावकाश जेव. गाडी सुटत नाहीये तुझी.”

इकडे मंडळात छत्रीवालीसाठी एकोणीस जणांनी नंबर लावला होता. चिठ्ठी वाचली त्या दिवसापासून ज्याला त्याला ते पुस्तक हवं होतं. शूबाई खुशीत होत्या. “शिफारस असावी तर अशी,” त्या म्हणाल्या. “कोण आहे ते कळलं असतं तर बक्षीस दिलं असतं.” धाकटीने त्या दिवसापासून शनिवारी पोट दुखायला लावलं.

तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात ती काडीकडे गेली.

काडी दुपारी तिच्या मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायची. चिंचोळं दुकान, दोन मशिनं, कोऱ्या कागदांच्या रिमांवर रिमा, आणि गरम शाईचा वास. काडी एका माणसाच्या जाडजूड फायलीची पानं एकेक करून काचेवर ठेवत होती. हिरवा उजेड तिच्या हनुवटीखालून सरकत होता. तो माणूस जाईपर्यंत ती धाकटीकडे बघायलाही तयार नव्हती.

“काय पाहिजे?” मग ती म्हणाली. “दोन्ही बाजूंनी काढायचं का एकाच?”

“काडीताई, तू का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं होतं?”

“की मी लिहिलं.”

काडीने झाकण खाली केलं. “तू तिची बहीण आहेस. त्या क्षणी तिला ते कळलं असतं ना, तर ती घरी गेलीच नसती. मी परकी. माझ्यावर रागावून ती निदान घरी जाऊ शकत होती. एवढंच आलं बघ डोक्यात.” ती कागदांची चवड टेबलावर आपटून सारखी करू लागली. “आणि मला वाटलं, तू सांगशील. म्हटलं, घाबरलीये पोर, संध्याकाळपर्यंत सांगेल. मग म्हटलं, उद्या सांगेल. दोन दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. आंघोळीला जातानासुद्धा नेत होते.”

धाकटीने जमिनीवर पडलेला एक कागद उचलून चवडीवर ठेवला.

“मी काही संत नाहीये,” काडी म्हणाली. “चार दिवसांनी मला तुझा राग आला. आठ दिवसांनी तिचा आला. बालवाडीपासून ओळखते मला, आणि एका ‘सॉरी’वर विश्वास ठेवला तिने? आता मला कुणाचाच राग येत नाही. आता कंटाळा आलाय.”

“मी सांगते. आजच सांगते.”

“सांग, नाहीतर नको सांगू,” काडी म्हणाली. दारात एक बाई ओळखपत्र घेऊन उभी होती. “या काकू. किती कॉपी?”

‘आजच’ म्हणाली खरी, पण तो आज पाच दिवस लांबला. सोमवारी ताईचं डोकं दुखत होतं. मंगळवारी आई घरी होती. बुधवारी धाकटीने तोंड उघडलं आणि ‘ताई, माझा पेन बघितलास का?’ असं विचारलं. पेन तिच्या हातात होता. न सांगायला कारण हवं असेल तर कारणांचा दुष्काळ कधीच पडत नाही.

शुक्रवारी ताई कॉलेजातून आली ती धावतच आली. दप्तर टाकलं, खोलीचं दार लावलं आणि धाकटीच्या पलंगावर धपकन बसली. तिचे डोळे चमकत होते.

“कुणाला सांगणार नाहीस ना? शप्पथ?”

“शप्पथ,” धाकटी म्हणाली. शब्द तोंडातून सुटला आणि तिचे कान तापले.

“तो भेटला. कॉलेजच्या फाटकापाशी. मी रस्ता ओलांडून पळणार होते, खरंच. तर तो म्हणाला, थांब. म्हणाला, मी ते कासवांचं पुस्तक पुन्हा घरी आणलं वाचनालयातून.” ताईने उशी पोटाशी घट्ट धरली. “म्हटलं, कशाला? तर म्हणाला, तुझी बोटं कुठे थांबली असतील ते बघायला.”

धाकटीने हातातलं भूगोलाचं पुस्तक मिटलं.

“मग?”

“मग काय, दोघंही गप्प. तो म्हणाला, मला पाण्यात बरं बोलता येतं, जमिनीवर जमत नाही. असा वेडा आहे!” ताई हसली, हसता हसता थांबली, आणि एकदम तिचा चेहरा पडला. “तुला माहितीये, वळले तेव्हा पाय कुठे निघाले होते? तिच्या दुकानाकडे. अर्ध्या रस्त्यात आठवलं की आपण बोलत नाही. तिला सांगितल्याशिवाय हे खरं झालं असं वाटतच नाहीये गं मला.” आणि ती रडायला लागली. आनंदाचं रडणं आणि दुसरं रडणं, दोन्ही एकदम.

धाकटीसमोर आता एक सोपी पळवाट उघडी होती, आणि ती तिने पाहिली नाही असं नाही. चिठ्ठी वाचली नसती तर तो फाटकापाशी थांबला असता का? म्हणजे झालं ते बरंच झालं. गंगेत घोडं न्हालं. कुणी लिहिलं, याची आता चौकशी कशाला? तिने ही पळवाट पुढेमागे नीट पाहिली. त्या वाटेवर ताई होती, बेडूक होता, ती स्वतः होती, आणि काडी कुठेच नव्हती.

“ताई, चिठ्ठी मी लिहिली होती.”

ताईला आधी ऐकूच आलं नाही. ती नाक पुसत होती.

“मी लिहिली. काडीताईने नाही. तुम्ही गॅलरीत बोलायचात ते या खिडकीतून ऐकू येतं. मी ऐकायचे. नेहमी. तिला माझं अक्षर ओळखू आलं, आणि तिने स्वतःवर घेतलं. मी मागेच उभी होते. मी तेव्हा बोलले नाही. नंतरही नाही बोलले, कारण तू माझ्याशी बोलायला लागलीस.”

हे शेवटचं वाक्य तिने ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि तेच सगळ्यात खरं होतं.

ताई खिडकीकडे बघत राहिली. मग पलंगाकडे. मग खोलीतली एकेक गोष्ट पहिल्यांदाच दिसत असल्यासारखी धाकटीकडे. ती ओरडेल, कानाखाली वाजवेल, असं धाकटीला वाटलं होतं. त्यातलं काही झालं असतं तर फार बरं झालं असतं. ताईने उशी जागेवर ठेवली, ओढणी सारखी केली आणि चपला घातल्या. ती कुठे निघाली होती हे विचारायची गरजच नव्हती.

“ताई, मला माफ कर. पुन्हा नाही करणार.”

ताई दाराशी थांबली. तिचे डोळे अजून ओले होते, पण आवाज कोरडा होता.

“मग आत्ता हे सांगितलं,” ती म्हणाली, “फाटकापाशी तो काय म्हणाला ते. हेही लिहिशील?”

‘नाही’ म्हणायला धाकटीने तोंड उघडलं. ते एवढ्यासाठी तसंच उघडं राहिलं की ताई पाण्याचं आणि जमिनीचं सांगत होती, हसत होती, रडायला लागली होती, तेव्हाच धाकटीच्या मनात पहिलं वाक्य तयार झालं होतं, आणि ते चांगलं होतं.

ताईने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती जिना उतरून गेली.